टिनोल्यातली मान

ऑक्टोबर संपत आला आहे. मनिलाच्या बिनोंदो भागात कापितान तियागो नावाच्या श्रीमंत माणसाकडे जेवणावळ आहे. सात वर्षं युरोपात काढून परतलेला तरुण क्रिसोस्तोमो इबार्रा हा आजचा खास पाहुणा. टेबलाच्या अग्रभागी कोण बसणार, यावरून दोन पाद्री तोंडाने ‘तुम्ही बसा, तुम्ही बसा’ करतायत आणि मनात धुसफुसतायत. मग टिनोला येतो. आल्याच्या पातळ रश्शात शिजवलेली कोंबडी आणि दुधी. पाद्री दामासो यांच्या वाट्याला येतो भरपूर दुधी, भरपूर रस्सा, कोंबडीची नुसती मान आणि एक चिवट पंख. इबार्राच्या वाट्याला मात्र चांगले, मऊ तुकडे. दामासो दुधी चिरडतात, रस्सा कसाबसा जिभेला लावतात, चमचा खणकन टाकतात आणि ताटली पुढे ढकलतात. त्यानंतर त्यांचं तोंड सुटतं ते सुटतंच.

होसे रिझाल यांच्या ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीच्या सुरुवातीला हा प्रसंग येतो. रिझाल डोळ्यांचे डॉक्टर. कादंबरी स्पॅनिशमध्ये लिहिली आणि १८८७ साली बर्लिनमध्ये छापून घेतली. नऊ वर्षांनी, ३० डिसेंबर १८९६ रोजी, स्पॅनिश सरकारने त्यांना मनिलात गोळ्या घातल्या. १९५६ साली फिलिपिन्सने कायदाच केला: शाळा-कॉलेजांत रिझाल यांचं चरित्र आणि त्यांच्या कादंबऱ्या शिकवल्याच पाहिजेत. कॅथलिक चर्चने त्याला जोरदार विरोध केला होता. पुस्तकातल्या पाद्र्यांचं चित्र पाहता ते साहजिक होतं. कायदा तरीही झाला. त्यामुळे शिकलेल्या फिलिपिनो माणसाला कोंबडीच्या मानेची गोष्ट माहीत असतेच. आपल्याकडे ‘श्रीखंडाची वाटी कुणापुढे सरकवली’ यावरून लग्नघरात जे राजकारण होतं, त्याला तिकडे राष्ट्रीय अभ्यासक्रमात जागा मिळाली, एवढाच फरक.

फिलिपिनो सणाविषयी लिहिताना लोक दिवे, गाणी आणि रोषणाई यांत अडकतात. मला विचाराल तर टेबलाकडे बघा. कोणता पदार्थ कुठून आला, कुणाला काय वाढलं, कोण न बोलावता आला आणि कोण काय बांधून घेऊन गेला, एवढं नीट पाहिलं तर त्या देशाचा इतिहास आणि त्या घरातलं नातेसंबंधांचं गणित दोन्ही उलगडतं. पंगत वाचता आली पाहिजे. वाचण्यावरून आठवलं, फिलिपिन्सच्या ताग्यालोग भाषेत वाचणे म्हणजे ‘बासा’. हा शब्द मलय भाषेतल्या ‘बाचा’मार्गे संस्कृतातल्या ‘वाच्’पर्यंत मागे नेतात. म्हणजे आपल्या वाचण्याचा लांबचा चुलतभाऊ. ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘मुखा’ म्हणजे चेहरा, ‘आसा’ म्हणजे आशा. हे शब्द तर आपल्याला न सांगताही कळावेत.

आता टेबल. ताग्यालोगमध्ये ‘हान्दा’ म्हणजे तयार, आणि सणाला मांडलेल्या पदार्थांनाही ‘हान्दा’च म्हणतात. जेवणावळ ती ‘हान्दाआन’. आपल्या हंड्याशी याचा काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला सोपं पडतं. वाढदिवसाच्या हान्दामध्ये पान्सित हवंच. पान्सित म्हणजे भाज्या, कोलंबी, मांस घालून परतलेल्या शेवया, वर सुपारीएवढ्या कालामान्सी लिंबाचा रस. शेवया लांब तसं आयुष्य लांब, म्हणून त्या तोडायच्या नाहीत. शब्द होक्किएन, म्हणजे दक्षिण चीनच्या फुजियान किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांच्या बोलीतला. लुम्पियाही, म्हणजे मांस किंवा भाजी भरून तळलेल्या बारीक गुंडाळ्या, त्यांच्याचकडून आला. घरातल्या मोठ्या भावाला ‘कूया’ आणि मोठ्या बहिणीला ‘आते’ म्हणतात, तेही होक्किएनच. (मराठी माणसाने इथे सावध राहावं. विशीतल्या मुलीला सगळे ‘आते’ म्हणतात म्हणून ती कुणाच्या वडिलांची बहीण असेल असं नाही.)

टेबलाच्या मधोमध लेचोन. अख्खं डुक्कर बांबूवर खोवून निखाऱ्यांवर तासन्‌तास फिरवायचं, कातडी पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत. ‘लेचे’ म्हणजे स्पॅनिशमध्ये दूध, म्हणून लेचोन म्हणजे खरं तर दूधपितं पिल्लू. फिलिपिन्समध्ये नाव तेच राहिलं आणि जनावर मोठं झालं. सेबू बेटावर त्याच्या पोटात गवती चहा, लसूण आणि कांद्याची पात भरतात आणि तिथले लोक ठासून सांगतात की आमच्या लेचोनला चटणी-सॉस काही लागत नाही. मनिलाकडे मात्र काळजाचा दाट, गोडसर सॉस हवाच. हा वाद आपल्या मिसळीच्या वादाइतकाच निकाली न निघणारा आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात पोर्तुगीज वळणाचं ‘लैतांव’ खाल्लेल्यांना या पदार्थाची ओळख वेगळी करून द्यायला नको.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर आदोबोकडे वळू. मांस व्हिनेगर, लसूण, मिरी आणि तमालपत्रात शिजवायचं, हा आदोबो. चिनी सोया सॉस त्यात नंतर मिसळला. व्हिनेगरमुळे उष्ण हवेतही मांस टिकायचं, म्हणून ही पद्धत स्पॅनिश जहाजं येण्याआधीपासून घराघरांत होती. स्पॅनिशांनी ती पाहिली, आपल्याकडच्या ‘आदोबो’ची त्यांना आठवण झाली आणि १६१३ सालच्या एका स्पॅनिश-ताग्यालोग शब्दकोशात तिची नोंद ‘इथल्या लोकांचा आदोबो’ अशी झाली. गोव्याच्या विंदालूची गोष्ट नेमकी उलटी. तो पदार्थ नावासकट पोर्तुगालहून आला आणि इथे आल्यावर माडाचं व्हिनेगर आणि मिरची पिऊन गोंयकार झाला. फिलिपिन्समध्ये पदार्थ घरचाच होता, पाहुण्याने त्याचं फक्त बारसं केलं.

अमेरिकेचा थर सर्वांत वरचा. १८९८ ते १९४६ या काळात तिथे अमेरिकी सत्ता होती. मुलांच्या वाढदिवसाला जी स्पॅगेटी होते, ती पहिल्यांदा खाणारा इटालियन माणूस बहुधा रडेल. ती गोड असते, तिच्यात सॉसेजचे लालभडक काप असतात आणि सॉसमध्ये बऱ्याचदा केळ्याचं केचप असतं. हो, केळ्याचं. मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंचं हे डोकं. त्या अमेरिकेत सिएटलला शिकल्या आणि मायदेशी परतल्या. टोमॅटोची चणचण आणि केळी मुबलक, मग केळ्यालाच आंबटगोड करून लाल रंग दिला. पण त्यांचं काम केचपपुरतं मानणं अन्यायाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी ताबा असताना सोयाबीनपासून त्यांनी तयार केलेली पौष्टिक भुकटी तुरुंगछावण्यांतल्या उपाशी कैद्यांपर्यंत पोचवली गेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांचा मृत्यू झाला. शहर सोडून जायला त्यांनी नकार दिला होता.

बाहेरून आलेलं सगळं असं घरचं करून टाकण्याच्या या सवयीवर डोरीन फर्नांदेझ (१९३४–२००२) यांनी आयुष्यभर लिहिलं. त्या मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठात शिकवायच्या आणि वर्तमानपत्रात खाण्यावर सदर चालवायच्या. त्यांच्या लिखाणातला मला सर्वांत आवडणारा मुद्दा ‘सावसावान’चा आहे. सावसावान म्हणजे जेवताना बाजूला ठेवलेली छोटी वाटी. तिच्यात व्हिनेगर, मिरची, माशाचं खारट पाणी, कालामान्सी, ज्याला जे हवं ते. पदार्थ स्वयंपाकघरात अर्धाच होतो, उरलेला खाणारा आपल्या वाटीत पूर्ण करतो, असं त्या मांडतात. यात कुणी रागावत नाही. आपल्याकडे सासूबाईंच्या आमटीत वरून मीठ घालून बघा.

टेबल असं भरलं की दार उघडं राहतं. हे अक्षरशः घ्या. गावाच्या रक्षणकर्त्या संताच्या दिवशी फिएस्ता होते आणि त्या दिवशी घरात ओळखीचा, ओळखीच्याच्या ओळखीचा, रस्त्याने जाणारा, कुणीही शिरून ताटली घेऊ शकतो. केसोन प्रांतातल्या लुकबानमध्ये १५ मे रोजी शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याचा उत्सव असतो. तेव्हा घरांच्या दर्शनी भिंती भाज्या, फळं आणि ‘किपिंग’ या तांदळाच्या पापडासारख्या रंगीत पानांनी झाकून टाकतात. सुगी घराबाहेर लटकवायची, येणाऱ्याला आत बोलावून वाढायचं. याच गावात पान्सित केळीच्या पानावर देतात आणि हात न लावता थेट तोंडाने ओढून खातात. एरवीही जेवत असलेला माणूस शेजारून जाणाऱ्याला ‘काईन तायो’, म्हणजे ‘चला जेवू या’, म्हणतोच. भेटल्यावर पहिला प्रश्न ‘कुमाईन का ना?’ जेवलास का? हा प्रश्न नेमका कुठल्या प्रेमातून येतो, हे मराठी वाचकाला काय समजवायचं?

पण उघड्या दाराची किंमत असते आणि ती कुणीतरी भरतं. इथे नात्यांचं गणित सुरू होतं. बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता आणि धर्ममाता लागतात, त्यांना ‘निनोंग’ आणि ‘निनांग’ म्हणतात. चर्चला ते एकेकच पुरतात, फिलिपिनो घराला नाही. आई-वडील आपले मित्र, वरिष्ठ, गावातला वजनदार माणूस अशी यादी करतात, आणि लग्नात तर असे मानाचे साक्षीदार डझनाने असतात. त्यामुळे बाळाला पालक मिळतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोठी माणसं एकमेकांची नातेवाईक होतात. ती एकमेकांना ‘कुम्पारे’ आणि ‘कुमारे’ म्हणू लागतात. रस्त्यावर मित्राला मारलेली ‘पारे!’ ही हाक यातूनच झिजून आली. रक्ताच्या नात्याशेजारी ही दुसरी, निवडलेली भाऊबंदकी. नोकरी लावणं, हॉस्पिटलचं बिल भरणं, मुलाची फी देणं हे सगळं या जाळ्यातून होतं. त्यातून जे उरतं त्याला ‘उतांग ना लोओब’ म्हणतात, शब्दशः ‘आतलं ऋण’. ते पैशाने फिटत नाही. ते लक्षात ठेवायचं असतं, आणि लक्षात आहे हे दाखवायची हक्काची जागा म्हणजे पुन्हा टेबल. नाताळला मुलं निनोंगच्या घरी जातात, त्याचा हात आपल्या कपाळाला लावून नमस्कार करतात आणि पैसे किंवा भेट घेतात. डिसेंबरात निनोंग लोक कसे गायब होतात, यावर तिकडे विनोदांचा पूर येतो.

चार महिन्यांचा नाताळ

फिलिपिन्समध्ये नाताळ १ सप्टेंबरला सुरू होतो. ज्या इंग्रजी महिन्यांच्या नावाच्या शेवटी ‘बर’ येतं ते सगळे नाताळाचे, असा साधा हिशेब. मॉलमध्ये गायक होसे मारी चान यांचा आवाज ऐकू आला की लोक समजतात, झाली सुरुवात. बांबू आणि कागदाचे ‘पारोल’, म्हणजे चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील, खिडक्यांत लागतात. पांपांगा प्रांतातल्या सान फर्नांदोमध्ये तर ते हजारो दिव्यांचे आणि दुमजली घराएवढे होतात. १९७५ सालच्या आदेशानुसार मालकाने कामगाराला तेराव्या महिन्याचा पगार २४ डिसेंबरच्या आत द्यावाच लागतो. त्यामुळे कायद्याने आलेला पैसा बरोबर सणाच्या तोंडावर घरात येतो.

१६ ते २४ डिसेंबर अशा नऊ पहाटे ‘सिम्बांग गाबी’ची प्रार्थना असते. शेतकऱ्यांना नंतर शेतावर जाता यावं म्हणून स्पॅनिश काळात ती पहाटे ठेवली, आणि शहरातले कॉल सेंटरवाले आता रात्रपाळी संपवून थेट तिथे येतात. नऊच्या नऊ पहाटे चुकल्या नाहीत तर मागितलेलं मिळतं, असा समज आहे. भाविकांमधले निम्मे तरी बाहेरच्या वासाने येत असावेत, हा माझा आपला संशय. चर्चच्या अंगणात बिबिंका भाजत असते. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, केळीचं पान लावलेलं मातीचं भांडं, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. गोव्याचं बेबिंक थरांचं आणि अंड्याच्या बलकांचं, चवीला अगदी निराळं, पण नाव जवळजवळ तेच आणि वरून आच देण्याची युक्तीही तीच. शेजारी ‘पुतो बुम्बोंग’: जांभळा चिकट तांदूळ बांबूच्या नळीत वाफवून वर लोणी, गूळसाखर आणि खोवलेलं खोबरं.

२४ तारखेला मध्यरात्री प्रार्थना संपली की ‘नोचे बुएना’, नाताळाचं जेवण. हॅम, लाल मेणात गुंडाळलेला चीजचा गोळा, फळांचं गोड सॅलड. टेबलाशी अनेक खुर्च्या रिकाम्या असतात. कुणी सौदीत, कुणी हाँगकाँगला दुसऱ्याची मुलं सांभाळतं, कुणी जहाजावर. २०२३ साली परदेशी फिलिपिनोंनी घरी पाठवलेली रक्कम ३,३०० कोटी डॉलरहून जास्त होती. पैशाबरोबर येतो ‘बालिकबायान’ खोका: साबण, चॉकलेट, टॉवेल, डबाबंद मांस, बूट, महिनोन्‌महिने थोडं थोडं जमवून दाबून भरलेला. साध्या प्रवासातून परततानाही रिकाम्या हाताने येत नाहीत. जे आणायचं त्याला ‘पासालुबोंग’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: खाऊ. आखातात किंवा जहाजावर नोकरी केलेल्या आपल्याकडच्या माणसांनी हे खोके भरताना शेजारच्या खोलीत पाहिलेले असतात.

३१ डिसेंबरला बारा महिन्यांसाठी बारा गोल फळं मांडायची, ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालायचे, खिशात नाणी खुळखुळवायची, कारण गोल म्हणजे पैसा. बाराच्या ठोक्याला पोरं उंच व्हावं म्हणून उड्या मारतात. २०२२ च्या अखेरीला या टेबलावरून एक साधी वस्तू गायब झाली होती. कांदा मनिलात किलोला ७०० पेसोपर्यंत चढला, तेव्हा तिथली किमान रोजंदारी होती ५७० पेसो. इलोइलो शहरात एका नवरीने फुलांऐवजी कांद्यांचा गुच्छ हातात धरला आणि लग्नानंतर तो पाहुण्यांनी वाटून नेला. नाशिककरांना यातली गंमत आणि दुखणं दोन्ही कळेल. आणखी एक: तिकडे मोठ्या कांद्याला ‘सिबुयास बुम्बाय’, म्हणजे मुंबईचा कांदा म्हणतात. भारतीय माणसालाही बोलीत ‘बुम्बाय’च म्हणतात, मग तो लुधियान्याचा असला तरी. दावावला डॉक्टरकी शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना हे पहिल्याच आठवड्यात समजतं.

पुस्तकंही वाढलेली

पुस्तकांचं काय, असं वाटेल. ती या घरापासून फार लांब नाहीत. १९२५ साली ‘लिवायवाय’ या ताग्यालोग साप्ताहिकात सेवेरिनो रेयेस या नाटककाराने लोला बास्यांग नावाच्या आजीच्या तोंडून गोष्टी सांगायला सुरुवात केली. ‘लोला’ म्हणजे आजी. लेखक पुरुष, वय साठीच्या पुढे, आणि वाचकांना खात्री की कुठेतरी खरी आजी बसली आहे आणि तिच्याभोवती नातवंडांचा घोळका आहे. लोला बास्यांगचं नाव आजही मुलांच्या पुस्तकांवर आणि नाटकांत चालतं. छापील पानावरची गोष्टसुद्धा तिथे घरातल्या वडीलधाऱ्याने वाढलेली असली की जास्त गोड लागते.

मकाती शहरात एका गृहस्थांनी २००० साली आपल्या दिवंगत आई-वडिलांची शंभरेक पुस्तकं घरासमोर मांडली. नाव नोंदवायचं नाही, मुदत नाही, दंड नाही, परत केलं नाही तरी चालेल. पुस्तकं संपायला हवी होती. ती हजारोंनी वाढली, लोकच आणून ठेवू लागले. ग्रंथालयशास्त्राने याचं कोडं सुटणार नाही. फिएस्ताचं उघडं घर एकदा पाहिलं की सुटतं.

आणि रिझाल पुन्हा टेबलावर येतातच. त्यांच्या दुसऱ्या कादंबरीत, ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’मध्ये (१८९१), मनिलातले विद्यार्थी एका चिनी खानावळीत जमतात. स्पॅनिश भाषेची शाळा काढायची त्यांची मागणी सरकारने अशी वळवली आहे की ती नाकारल्यासारखीच. भाषणं करायची सोय नाही, म्हणून ते पदार्थ अर्पण करतात. एक पान्सित अमुक अधिकाऱ्याला, लुम्पिया तमुक पाद्र्याला, खेकड्याची तोर्ता समस्त धर्मगुरूंना, परतलेलं पान्सित सरकारला आणि देशाला. हसताहसता सगळी व्यवस्था ताटात येते. दुसऱ्या दिवशी गावात बंडाची पत्रकं चिकटलेली सापडतात आणि पोरांची धरपकड होते.

जेवण उरकलं की निघताना बांधून घ्यायची वेळ येते. यजमानीण आधीच डबे आणि पिशव्या काढून ठेवते, आणि पाहुणा ‘नको नको’ म्हणत घेतो. अलीकडे या बांधून नेण्याला तरुण मंडळी ‘शॅरन’ म्हणतात. शॅरन कुनेता या गायिका-अभिनेत्रीच्या एका गाजलेल्या गाण्यात ‘मला वेढून घे’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि ताग्यालोगमध्ये वेढणे आणि पुडीत गुंडाळणे यांना क्रियापद एकच. म्हणून उरलेलं अन्न गुंडाळून नेणारा तो शॅरन.

लेचोनचे चांगले तुकडे असे घरोघर जातात. मागे राहतं डोकं, हाडं, मानेचा भाग आणि मऊ पडलेली कातडी. दुसऱ्या दिवशी ते सगळं व्हिनेगर, लसूण, मिरी, तमालपत्र आणि उरलेल्या काळजाच्या सॉसमध्ये मंद आचेवर ठेवतात. याला ‘लेचोन पाक्सिव’ म्हणतात. सणाच्या लेचोनपेक्षा हेच बरं लागतं असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि ते खायला पाहुणे नसतात, घरचेच असतात. कालच्या कपड्यांवर, भाताबरोबर, टेबलावर न बसता स्वयंपाकघरात उभ्यानेच. तिथे मानेचा तुकडा आधी कुणी उचलायचा, यावर भांडण होतं.